‘नस’ म्हणजे नेमके काय? तोंड आणि घसा यांमधील चेता, रक्तवाहिन्या आणि स्नायू

ओसरी
मुंबईतील एका दंतवैद्यक महाविद्यालयात मी २६ वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, परंतु हा धागा काढण्याचे निमित्त मात्र अगदी ताजे आहे. आमच्या लालबागच्या इमारतीत शेजारच्या काकूंच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. जिन्यात भेटल्या तेव्हा काकूंनी मला विचारले, ‘यांच्या घशाची नस गेली आहे असे डॉक्टर म्हणाले आणि रक्त पातळ करायची गोळी दिली. त्या गोळीने घशाची नस उघडेल ना?’ प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी चांगलीच अडचण झाली, कारण त्यातील ‘नस’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आला होता.

आपण मराठीत ‘हाताची नस कापली’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘मानेत नस दबली’ म्हणतो तेव्हा ती संवेदना आणि आज्ञा वाहून नेणारी चेता असते. आणि रात्री पोटरीत ‘नसेवर नस चढते’ तेव्हा प्रत्यक्षात स्नायूला पेटका आलेला असतो. बोलण्यात हे चालून जाते. आजारपणात मात्र या घोटाळ्यामुळे माणसे चुकीच्या गोष्टीची आशा धरतात किंवा चुकीच्या गोष्टीला घाबरतात. काकूंच्या यजमानांची रक्तवाहिनी तुंबली होती ती मेंदूत. तिथून घशाच्या स्नायूंना निघणाऱ्या आज्ञा थांबल्या, म्हणून गिळणे बिघडले. गोळी दिलेली आहे ती पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून. घशात उघडण्यासारखे काही बंद झालेलेच नाही. हे कळल्यावर काकूंचा चेहरा थोडा उतरला, पण गिळण्याचे व्यायाम कशासाठी सांगितले आहेत ते त्यांना त्याच क्षणी उमगले.

जमल्यास हे वाचता वाचता एक छोटा आरसा हातात घ्यावा. तोंड उघडून जिभेचे टोक टाळूला लावले की जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतात. त्या अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा आहेत. जिभेला शुद्ध रक्त पुरवणारी लिंग्वल धमनी इतक्या उघड्यावर नसते. मानेतील बाह्य कॅरोटिड धमनीपासून, हनुवटीखाली चाचपता येणाऱ्या हायॉइड हाडाच्या पातळीवर ती निघते आणि हायोग्लॉसस नावाच्या चपट्या, चौकोनी स्नायूच्या आतल्या बाजूने जिभेत शिरते. जीभ हलवणारी हायपोग्लॉसल चेता त्याच स्नायूच्या बाहेरच्या बाजूने जाते. म्हणजे भिंतीच्या एका अंगाने पाण्याची नळी जावी आणि दुसऱ्या अंगाने विजेची तार, तशी ही रचना असून, शवविच्छेदनाच्या टेबलावर तो स्नायू बाजूला सारून विद्यार्थ्यांना धमनी दाखवली की ‘नस’ या शब्दाचा गोंधळ त्यांच्या मनातून कायमचा जात असे.

जिभेखालची त्वचा इतकी पातळ आणि रक्ताने इतकी समृद्ध असते की छातीत कळ आल्यावर डॉक्टरांनी सांगून ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी तिथेच ठेवायची असते. तिथून औषध शिरांमार्गे मानेतील मोठ्या शिरेत आणि पुढे थेट हृदयाकडे जाते. पोटातून शोषले गेले असते तर आधी यकृतातून जावे लागले असते आणि त्याचा मोठा भाग तिथेच खर्ची पडला असता.

आता जिभेच्या चेतांविषयी. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श, उष्णता आणि वेदना लिंग्वल चेता नेते. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या क्रमांकांनी ओळखल्या जातात; ही लिंग्वल चेता त्यांतील ट्रायजेमिनल या पाचव्या चेतेच्या खालच्या जबड्याकडील शाखेतून आलेली असते. त्याच भागाची चव मात्र सातव्या, म्हणजे फेशियल चेतेकडे जाते. त्या चेतेची कॉर्डा टिम्पनी नावाची बारीकशी शाखा चक्क मध्यकर्णातून, कानाच्या पडद्यामागील दोन हाडांच्या मधून जाते आणि पुढे लिंग्वल चेतेला मिळते. म्हणूनच कानाच्या काही शस्त्रक्रियांनंतर रुग्ण ‘जिभेच्या एका बाजूला चव लागत नाही’ असे सांगतो आणि घरच्यांना तो भ्रम वाटतो. मागच्या एक-तृतीयांश भागाचा स्पर्श आणि चव दोन्ही नवव्या, ग्लॉसोफॅरिंजियल चेतेकडे असतात. जिभेच्या अगदी मुळाशी दहाव्या, व्हेगस चेतेची हद्द सुरू होते. जिभेच्या सर्व स्नायूंना आज्ञा देते ती बारावी, हायपोग्लॉसल. इतकी वाटणी होण्याचे कारण गर्भावस्थेत आहे: जीभ एकाच उगमातून तयार होत नाही, गर्भाच्या गळ्याशी असलेल्या वेगवेगळ्या कमानींतून तिचे आवरण येते आणि प्रत्येक कमान आपली चेता बरोबर घेऊन येते. स्नायू आणखी मागून, डोक्याच्या मागील बाजूकडून सरकत येतात आणि येताना हायपोग्लॉसल चेता ओढून आणतात.

प्रश्न असल्यास जरूर विचारावेत. निदान करणे मला शक्य नाही आणि तो माझा अधिकारही नाही, परंतु रचना समजावून सांगता येईल.

उंबरठा
ताई, मी कान-नाक-घसा विभागात निवासी डॉक्टर आहे. लेख फार उपयोगी आहे, केवळ एक दुरुस्ती सुचवतो. जिभेचे ‘सर्व’ स्नायू हायपोग्लॉसलकडे नाहीत. पॅलाटोग्लॉसस हा टाळूपासून जिभेच्या कडेला उतरणारा स्नायू व्हेगसकडे आहे. टॉन्सिलच्या पुढे जी उभी कमान दिसते ती याच स्नायूची.

ओसरी
दुरुस्ती अगदी योग्य आहे आणि ती माझ्याकडून राहायला नको होती, कारण तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारत आले. पॅलाटोग्लॉसस नावाने जिभेचा असला तरी मूळचा टाळूच्या कुटुंबातला आहे, म्हणून त्याची चेताही टाळूच्या स्नायूंचीच. टाळूच्या स्नायूंमध्येही एक अपवाद आहे. टाळू ताणणारा टेन्सर हा स्नायू पाचव्या चेतेकडे आहे आणि बाकीचे व्हेगसकडे. विमान खाली उतरताना कान बंद झाले की आपण आवंढा गिळतो आणि ‘टक्’ असा आवाज होऊन कान मोकळे होतात, ते काम प्रामुख्याने या टेन्सरचे.

रानजाई
मी ठाण्याला राहते. पाच आठवड्यांपूर्वी खालची उजवी अक्कलदाढ काढली. दाढ आडवी होती, त्यामुळे हाड थोडे कापावे लागले. त्यानंतर जिभेची उजवी बाजू बधिर आहे. जेवताना जीभ चावली जाते आणि रक्त दिसेपर्यंत कळत नाही. तिखट लागत नाही. जीभ बाहेर काढली तर सरळ येते. ज्या दवाखान्यात दाढ काढली तिथे ‘भूल उतरेल’ एवढेच दोन वेळा सांगितले गेले. पाच आठवडे भूल राहते का? बोलणे माझ्या नोकरीचा भाग आहे आणि मला खरोखर भीती वाटते आहे.

ओसरी
भीती वाटणे स्वाभाविक आहे. इंजेक्शनची भूल काही तासांत उतरते, त्यामुळे हे भुलीचे काम नाही, असे रचनेच्या आधारे म्हणता येते. खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या पातळ पडद्याखाली लिंग्वल चेता हाडाला जवळजवळ चिकटून जाते. दाढ काढताना ती ताणली किंवा दुखावली जाऊ शकते. आपली जीभ सरळ बाहेर येते, याचा अर्थ हायपोग्लॉसल चेता आणि स्नायू शाबूत आहेत. चव आणि स्पर्श एकाच वेळी गेले, याचेही कारण उघड आहे: कॉर्डा टिम्पनी मध्यकर्णातून येऊन लिंग्वल चेतेला जिथे मिळते ती जागा दाढेच्या वर आणि मागे आहे, त्यामुळे दाढेपाशी इजा झाली तर दोन्ही प्रकारचे तंतू एकाच आवरणात सापडतात. इजा कानात झाली असती तर चव गेली असती, स्पर्श राहिला असता.

खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग आणि हनुवटी यांना स्पर्श कळतो का, तेही पाहावे. तिथली संवेदना वेगळ्या चेतेची आहे. ती जबड्याच्या हाडातील बोगद्यातून दातांच्या मुळांखालून जाते आणि हनुवटीपाशी बाहेर पडते. खालच्या दाढांसाठी भूल देताना आम्ही याच चेतेपाशी औषध सोडतो, कारण खालच्या जबड्याचे हाड दाट असल्याने वरच्या दातांप्रमाणे नुसत्या हिरडीत औषध टोचून ते मुळापर्यंत झिरपत नाही.

बहुतेक वेळा अशी इजा आठवड्यांत किंवा काही महिन्यांत भरून येते. पण केवळ वाट पाहत बसू नये. कापसाची वात बारीक वळून दर रविवारी जिभेच्या मधोमध सुरुवात करून कडेकडे स्पर्श करत जावे आणि कुठून कळेनासे होते ती रेघ वहीत काढून ठेवावी. चवीसाठी जीभ बाहेर काढून पुसावी, एका बाजूला साखरेचे दोन कण ठेवावेत आणि जीभ आत न घेता बोटाने होकार किंवा नकार द्यावा. जीभ आत घेतली की साखर दुसऱ्या बाजूला पसरते आणि परीक्षा फसते. मुखशल्यतज्ज्ञांची भेट आताच घ्यावी. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आपल्याला लोकलने सोयीचे पडेल. तीन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, तर चेता दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार वेळेत व्हावा लागतो. तोवर फार गरम चहा डाव्या बाजूने घ्यावा. बधिर जिभेला भाजल्याचे कळत नाही.

चाकरमानी
माझ्या मामांना चार महिने डाव्या कानात कळा येत होत्या. कानाचे थेंब झाले, कान धुऊन झाला. कानात काहीच दोष नव्हता. शेवटी दातांच्या डॉक्टरांना जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूस, एक लहान व्रण दिसला. पुढचे सगळे परळच्या टाटा रुग्णालयात झाले आणि मामा आज बरे आहेत. जिभेचे दुखणे कानात का जाते, हे आम्हाला कुणीच सांगितले नव्हते. गाडीवर असताना ते अनेक वर्षे सुपारी आणि गुटखा खात होते. त्यांचे तोंडही दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. हीसुद्धा नस आखडल्यामुळे आलेली दातखीळ आहे का?

ओसरी
मामा बरे आहेत हे वाचून फार समाधान वाटले. कानाचे उत्तर आधी देते. जिभेची लिंग्वल चेता आणि कानाच्या पुढच्या भागाची संवेदना नेणारी चेता या दोघी पाचव्या चेतेच्या एकाच शाखेच्या उपशाखा आहेत. मेंदूकडे जाताना दोघींची वाट एक होते आणि वेदना नेमकी कोणत्या दारातून आली हे मेंदूला नीट ठरवता येत नाही. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग यांची नववी चेता मध्यकर्णालाही एक शाखा देते. म्हणून टॉन्सिल काढल्यावर मुले कान धरून रडतात. व्हेगसची एक शाखा कानाच्या नळीपर्यंत पोचते, आणि काहींना कान कोरताना खोकला येतो तो तिच्यामुळे. म्हणून कान निर्दोष असूनही दुखत असेल, तर तोंड आणि घसा नीट तपासून घेतलाच पाहिजे, आणि दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातील कोणताही व्रण दुखत नसला तरी दाखवला पाहिजे.

तोंड न उघडण्याचे कारण मात्र चेतेत नाही. चावण्याचे चार स्नायू आहेत: गालावर दात आवळल्यावर हाताला टणक लागतो तो मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस, आणि जबड्याच्या आतले दोन टेरिगॉइड. चौघेही पाचव्या चेतेकडे आहेत आणि त्यांना रक्त मॅक्सिलरी धमनीच्या शाखांतून मिळते. यांतले तीन तोंड मिटतात. उघडण्याला मदत करतो तो एकटा बाहेरचा टेरिगॉइड. धनुर्वातात हे मिटणारे स्नायू आवळून बसतात, ती खरी दातखीळ. सुपारीने होते ते वेगळे. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आवरणाखाली तंतुमय दोरखंडासारखे पट्टे तयार होतात, तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्वचा पांढरट आणि चामड्यासारखी होते, आणि पुढे पुढे त्याखालचा स्नायूही त्यात गुंततो. बोट आत घालून गालावरून फिरवले की ते उभे पट्टे हाताला लागतात. पहिल्याच वर्षाच्या मुलांना मी स्वतःच्या निरोगी गालावरून बोट फिरवायला लावत असे, म्हणजे पुढे रुग्णाचा गाल हाताला लागला की फरक त्यांना आपोआप कळे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही नुसती सुपारीसुद्धा हा आजार करते, ही गोष्ट घराघरांत पोचायला हवी. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून मामांच्या दोन्ही गालांची तपासणी नियमाने चालू राहू द्यावी.

स्वरवेल
मी दादरला शास्त्रीय गायन शिकते. सात महिन्यांपूर्वी थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. बोलण्याचा आवाज पूर्वीसारखाच आहे, घसा बसलेला नाही, परंतु तार षड्जाच्या वर आवाज जातच नाही आणि अर्ध्या तासाच्या रियाजानंतर थकवा येतो. दुर्बिणीने पाहिले तेव्हा ‘स्वरतंतू हलतात, सर्व ठीक आहे’ असे सांगण्यात आले. मग दोष माझ्या रियाजात आहे का?

उंबरठा
हे उत्तर मी देतो, कारण हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. स्वरयंत्राला व्हेगसच्या दोन वाटांनी चेता मिळते. खालून येणारी रिकरंट चेता आधी छातीकडे उतरते आणि मग वळून वर येते. डावी महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते, उजवी सबक्लेव्हियन धमनीखालून. स्वरतंतू उघडणारे-मिटणारे स्नायू तिच्याकडे आहेत, आणि ती दुखावली तर आवाज घोगरा होतो. आपल्या बाबतीत ती चांगली दिसते. परंतु स्वरतंतू ताणून स्वर उंच करणारा क्रिकोथायरॉइड हा एक स्नायू मात्र दुसऱ्या, वरून येणाऱ्या एक्स्टर्नल लॅरिंजियल चेतेकडे आहे. ही केसासारखी चेता थायरॉइडच्या वरच्या टोकाला रक्त देणाऱ्या धमनीच्या अगदी लगत असते. धमनी बांधताना ती दुखावली जाऊ शकते, आणि स्वरतंतू उघडतात-मिटतात एवढेच पाहिले तर हा दोष निसटू शकतो. तपासणीच्या वेळी खालपासून वरपर्यंत सलग मींड गाऊन दाखवा आणि आपण गायिका आहात हे स्पष्ट सांगा. स्नायूची विद्युत चाचणीही करता येते. दोष रियाजात आहे असे धरून घशावर जोर मात्र देऊ नका.

काठावरून
माझ्या वडिलांना (वय ७१) महिन्यापूर्वी झटका आला. उजवा हात कमजोर, तोंड वाकडे, जीभ बाहेर काढली की उजवीकडे जाते. सगळे समजते, वर्तमानपत्र वाचतात, पण उच्चार अस्पष्ट. पाणी प्यायल्यावर ठसका लागतो, मऊ भात मात्र जातो. आम्ही उलटे समजत होतो. पाणी तर सर्वांत सोपे ना? आणि गालात घास राहून जातो, तो त्यांना कळत नाही.

ओसरी
मुख्यतः आपल्यासारख्यांसाठीच हा धागा काढला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

घास जिभेने मागे ढकलणे एवढेच आपल्या इच्छेत असते. त्यापुढचा साधारण एका सेकंदाचा काळ मेंदूच्या देठातील केंद्र चालवते. मृदू टाळू वर उचलली जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो. श्वास थांबतो. स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, झाकणासारखा एपिग्लॉटिस मागे कलतो. घशाच्या मागील भिंतीतील एकावर एक बसलेले तीन आकुंचक स्नायू वरून खाली क्रमाने आवळत येतात, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला क्रिकोफॅरिंजियस नेमका त्याच वेळी सैल सुटतो. गळ्याच्या पुढील उंचवट्यावर दोन बोटे ठेवून आवंढा गिळला की स्वरयंत्र वर जाऊन परत खाली आल्याचे हाताला कळते. या सर्व हालचालींत पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी अशा पाच चेतांची साथ लागते, आणि केंद्राला ‘घास आला’ ही बातमी प्रामुख्याने नववी आणि दहावी पोचवतात.

पाणी सोपे वाटते, पण ते कुणाची वाट पाहत नाही. स्वरयंत्र उचलले जायला क्षणभर उशीर झाला, तरी पाणी तोवर श्वासनलिकेच्या दाराशी पोचलेले असते. मऊ भात हळू सरकतो, म्हणून मंदावलेल्या स्नायूंना वेळ मिळतो. ठसका ही संरक्षणाची खूण आहे. मला अधिक काळजी वाटते ती ठसका न लागता आत जाणाऱ्या थेंबांची, कारण स्वरयंत्राची संवेदनाच कमी झाली असेल तर खोकला येत नाही. गिळल्यानंतर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येणे, वारंवार बारीक ताप येणे, या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गिळण्याच्या तज्ज्ञांकडून क्ष-किरणाखाली बेरियम गिळण्याची चाचणी करून घ्यावी. पाणी किती दाट करायचे आणि हनुवटी खाली झुकवून गिळणे त्यांना मानवेल का, हे त्यावरूनच ठरते. सर्वांना तीच युक्ती लागू पडत नाही.

गालात घास राहतो तो बक्सिनेटर स्नायू कमजोर असल्यामुळे. हा स्नायू सातव्या चेतेकडे आहे आणि चावताना घास गालातून परत दातांवर ढकलणे हे त्याचे काम आहे. जीभ उजवीकडे वळते, कारण जीभ पुढे ढकलणारा डावा जेनिओग्लॉसस जोरात आहे आणि उजवा कमी. सशक्त बाजू जिभेला दुर्बल बाजूकडे लोटते. पडजिभेचे उलटे असते. ती सशक्त बाजूकडे ओढली जाते, कारण तिथले स्नायू ढकलत नाहीत, ओढतात.

उच्चारांसाठी आपली वर्णमालाच हाताशी घ्यावी, कारण तिची मांडणी घशापासून ओठांपर्यंत आहे. ‘प’ म्हणताना ओठ, म्हणजे सातवी चेता. ‘ट’ आणि ‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक वर वळते, म्हणजे बारावी. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मृदू टाळूला भिडतो. ‘ब’ म्हणायला गेले आणि ‘म’ ऐकू आला, तर मृदू टाळू नाकाची वाट बंद करत नाही असे समजावे. वडिलांकडून ‘पपई’, ‘बाळ’, ‘काका’ असे शब्द सावकाश म्हणवून घ्यावेत आणि कोणते अक्षर घसरते ते लिहून वाचातज्ज्ञांना दाखवावे.

काठावरून
चाचणी झाली. पडद्यावर पांढरे द्रव्य एका बाजूने स्वरयंत्राच्या काठापर्यंत आलेले आम्हाला दिसले. पाणी मधासारखे दाट करून चमच्याने द्यायला सांगितले आहे. ‘काका’ स्पष्ट आहे, ‘बाळ’ म्हणताना ‘बाल’ होते. रात्री झोपताना दात घासणे आम्ही बंद केले होते, त्यांना त्रास नको म्हणून.

ओसरी
ते आजच परत सुरू करावे. लाळ तर दिवसरात्र गिळली जातेच, आणि अस्वच्छ तोंडातील जंतू तिच्याबरोबर छातीत उतरले की न्यूमोनिया होतो. प्रत्येक जेवणानंतर ताठ बसवून, चूळ भरायला न लावता, ओल्या मऊ कापडाने उजव्या गालाची खोबण आधी पुसावी आणि मग दात घासावेत. त्यानंतर अर्धा तास आडवे करू नये.

रानजाई
नवव्या आठवड्याची नोंद देते. मुखशल्यतज्ज्ञांना दाखवले, त्यांनीही वातीची परीक्षा चालू ठेवायला सांगितले. पहिल्या रविवारी मधल्या रेघेच्या उजवीकडे काहीच कळत नव्हते. काल तिथून बोटाच्या अर्ध्या पेराइतके आत कळले आणि टोकाशी मुंग्या येतात. साखर अजून कळत नाही.

ओसरी
मुंग्या येणे ही चांगली खूण आहे. दुखावलेले तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने, आणि बरेचदा स्पर्श आधी येतो, चव मागून. वहीतली जुनी रेघ खोडू नये. नवी रेघ तिच्या शेजारी वेगळ्या रंगाने काढावी आणि पुढच्या भेटीत वही बरोबर न्यावी.